गायनेकोमास्टियाची सर्जरी करताय? पैसे भरताना आणि घरी आल्यावर या चुका टाळा

गायनेकोमास्टिया म्हणजे पुरुषांच्या छातीत स्तनासारखी ग्रंथी वाढणं. छाती पुढे दिसते म्हणून ढगळ टी-शर्ट घालणारी, पोहायला जायचं टाळणारी मुलं कितीतरी आहेत, आणि त्यातली बरीच जण सर्जरीसुद्धा घरी न सांगता उरकायला बघतात. माझ्या मते निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात, वडिलांकडे पैसे मागता येत नाहीत म्हणून घाईत लोन अॅप आणि ऑपरेशननंतर रूमवर एकटंच पडून राहणं. घरात एका तरी माणसाला सांगा, निदान मोठ्या भावाला.

सर्जरी लागणार का हे न बघताच अॅडव्हान्स भरणं

वयात येताना वाढलेली छाती बहुतेकदा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसते, त्यामुळे १५-१६ च्या मुलाला घाई करू नका. मोठ्या वयात नुसती चरबी आहे की निपलखाली टणक ग्रंथी आहे हे आधी डॉक्टरांनी हाताने तपासून, लागली तर सोनोग्राफी करून सांगायला हवं. चरबी वजन कमी केल्यावर उतरते, ग्रंथी नाही उतरत. थायरॉइड, लिव्हर, हार्मोन्सचा प्रॉब्लेम, काही औषधं किंवा जिममध्ये घेतलेली स्टेरॉइड्स हे कारण तसंच राहिलं तर पैसे जातात आणि छाती परत वाढू शकते. एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा निपलमधून रक्त येत असेल तर कॉस्मेटिकचा विषय बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करून घ्या, पुरुषांनाही ब्रेस्ट कॅन्सर होतो.

फक्त पॅकेजचा आकडा ऐकून हो म्हणणं

पुण्या-मुंबईत प्रायव्हेटमध्ये साधारण ५० हजारांपासून दीड लाखापर्यंत आकडे ऐकायला मिळतात. त्यात भूलतज्ज्ञांची फी, ओटी, तपासण्या, औषधं, प्रेशर व्हेस्ट (छाती दाबून धरणारी घट्ट बनियन), काढलेल्या गाठीची बायोप्सी आणि नंतरच्या व्हिजिट्स धरल्यात का ते कागदावर लिहून मागा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त साठून परत ओटीत न्यावं लागलं तर त्याचे पैसे कोण भरणार हेही विचारा, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के जीएसटी लागतो, जन्मजात किंवा वाढीतला दोष दुरुस्त करण्यासाठी असेल तर सूट आहे, तेव्हा तुमच्या केसमध्ये बिल कसं बनणार ते आधीच विचारून घ्या. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी डिग्री आहे ना तेही बघा. बजेट खरंच कमी असेल तर केईएम, सायन, जेजे, ससून इथे प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, थांबावं लागेल पण खर्च बराच कमी.

इन्शुरन्स देईल असं गृहीत धरणं

आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) ठरलेल्या अपवादांमध्ये, म्हणजे पॉलिसीत न धरल्या जाणाऱ्या गोष्टींमध्ये, कॉस्मेटिक सर्जरी आहे, त्यामुळे बहुतेक क्लेम तिथेच अडकतात. तब्येतीला थेट धोका आहे म्हणून सर्जरी गरजेची आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच बोलायला जागा उरते, म्हणून अॅडमिट व्हायच्या आधी मंजुरी लेखी घ्या. नाकारलं तर कारणही लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार विभागात आणि मग विमा लोकपालकडे जाता येतं. आणि कोणी म्हणालं की आपण कागदावर दुसरंच निदान दाखवू, तर तिथून सरळ उठा, ती फसवणूक आहे आणि पुढे तुमची पूर्ण पॉलिसीच रद्द होऊ शकते.

"नो कॉस्ट" ईएमआयला भुलणं

एकरकमी भरले तर किती डिस्काउंट देता हे विचारा, बऱ्याचदा व्याज त्या फरकात लपलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी वेगळी. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात वर्षाचा एकूण दर लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

रिकव्हरीत होणाऱ्या चुका

पहिल्या रात्री सोबत कोणीतरी हवंच. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, ताणल्यासारखी झाली, दुखणं वाढत गेलं तर आत रक्त साठत असू शकतं, सकाळची वाट न बघता लगेच सर्जनला फोन करा. ताप, पू किंवा वाढता लालसरपणा दिसला तरी तेच.

प्रेशर व्हेस्ट साधारण चार ते सहा आठवडे घालायला सांगतात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात मुलं ती दोन दिवसांत काढून टाकतात. दोन व्हेस्ट घ्या, एक धुवायला एक अंगावर, आतून सुती बनियन चालेल का ते विचारा, आणि व्हेस्टला घड्या पडू देऊ नका नाहीतर त्वचेवर वळ राहतात. सिगारेट, तंबाखू, गुटखा सर्जरीच्या आधी आणि नंतर काही आठवडे पूर्ण बंद, निकोटीनने निपलचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. अॅस्पिरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ऑफिसला आठवड्याभरात जाता येतं पण लोकलमध्ये वरचं हँडल धरून लोंबकळत जाणं, बाइक आणि जड सॅक मात्र सर्जन हो म्हणेपर्यंत नको. चेस्टचा व्यायाम साधारण सहा आठवड्यांनंतर, तोही हलक्या वजनाने.

तिसऱ्या आठवड्यात आरशात बघून "काहीच फरक नाही" म्हणत घाबरू नका, सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने जातात, निपलखाली कडक लागतं, बधिर वाटतं, तेही हळूहळू कमी होतं. सहा महिन्यांनंतरही खड्डा किंवा एका बाजूला फुगवटा राहिलाच तर सर्जरीआधीचे फोटो, डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सी रिपोर्ट घेऊन दुसऱ्या प्लास्टिक सर्जनचं मत घ्या.