१७९८चे अमेरिकी ‘एलियन’ आणि ‘सेडिशन’ कायदे : उत्तरात, लेखात या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांची जागतिक इतिहासाची उत्तरं तपासायला घेतली की एक वाक्य हमखास सापडतं : ‘१७९८ साली अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी एलियन अँड सेडिशन ॲक्ट आणला आणि विरोधकांना देशाबाहेर हाकललं.’ एवढ्याशा वाक्यात चार चुका आहेत. कायदा एक नव्हता, चार होते. ते ॲडम्स यांनी मागितले नव्हते. काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या, त्यांच्याच फेडरलिस्ट पक्षाने ते केले आणि ॲडम्स यांनी सह्या केल्या. विरोधकांची तोंडं बंद करणारा कायदा वेगळा आणि परदेशी माणसांवरचे कायदे वेगळे. आणि हद्दपारीच्या कायद्याखाली एकाही माणसाची प्रत्यक्ष हद्दपारी झाली नाही.

मुलांना मी दोष देत नाही. झेरॉक्सच्या दुकानांतून फिरणाऱ्या नोट्समध्येच असं लिहिलेलं असतं. पण मार्च २०२५मध्ये यातला एक कायदा अमेरिकेत पुन्हा बाहेर निघाला आणि हा गोंधळ वर्गाबाहेरही पसरला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

चारही कायदे एका दावणीला बांधू नका

प्रसंग असा होता. फ्रान्स आणि ब्रिटन यांचं युद्ध चालू होतं. अमेरिकेने ब्रिटनशी करार केला, म्हणून फ्रान्स चिडला आणि अमेरिकी व्यापारी जहाजं पकडू लागला. बोलणी करायला गेलेल्या अमेरिकी दूतांकडे फ्रेंच मध्यस्थांनी आधी लाच मागितली. ती कागदपत्रं एप्रिल १७९८मध्ये छापून आली आणि तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियात, युद्धज्वर चढला. त्या वातावरणात, जून-जुलैच्या चार आठवड्यांत हे चार कायदे झाले.

पहिला, १८ जूनचा, नागरिकत्वाचा. नागरिक व्हायला आधी पाच वर्षांचा रहिवास पुरत होता, तो थेट चौदा वर्षांवर नेला. आयर्लंड आणि फ्रान्सहून आलेले बरेच लोक विरोधी नेते जेफर्सन यांच्या पक्षाकडे झुकत होते. नागरिकत्व लांबलं म्हणजे त्यांची मतंही लांबली.

दुसरा, २५ जूनचा, हद्दपारीचा. अध्यक्षांना एखादा परकीय माणूस देशाच्या शांततेला धोकादायक वाटला, की त्याला देश सोडायला सांगता येत होतं. आरोपपत्र नाही, खटला नाही, ज्युरी नाही. याची मुदत दोन वर्षांची होती.

तिसरा, ६ जुलैचा, शत्रुराष्ट्राच्या नागरिकांचा. युद्ध जाहीर झालं किंवा आक्रमण झालं, तर शत्रुदेशाच्या चौदा वर्षांवरच्या पुरुषांना पकडता, डांबता, हाकलता येईल, अशी तरतूद. मुदत नाही.

चौथा, १४ जुलैचा, सेडिशनचा, म्हणजे सरकारविरुद्ध बदनामीकारक लिहिण्यावरचा. हा परकीय आणि नागरिक सगळ्यांना लागू होता.

आता यांचं पुढे काय झालं ते बघा. पहिला १८०२मध्ये बदलला आणि पाच वर्षांची अट परत आली. दुसरा १८००मध्ये आपोआप संपला, चौथा १८०१मध्ये. तिसरा ॲडम्स यांच्या काळात वापरताच आला नाही, कारण फ्रान्सशी समुद्रावर चकमकी झाल्या तरी युद्ध जाहीर कधीच झालं नाही. आणि नेमका तोच आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. १८१२चं युद्ध आणि दोन्ही महायुद्धांत तो वापरला गेला. १९१८मध्ये त्यात स्त्रियांचाही समावेश झाला. २०२५मध्ये ट्रम्प प्रशासनाने व्हेनेझुएलाच्या एका टोळीचं नाव पुढे करून तोच लावला आणि माणसं विमानाने एल साल्व्हादोरच्या तुरुंगात पाठवली. तेव्हा ‘ॲडम्सचा राजद्रोहाचा कायदा परत आला’ असं कुणी लिहिलं तर ते चूक आहे. परत आला तो तिसरा.

‘एलियन’, ‘फ्रेंड्स’ आणि पक्षांची नावं

एलियन म्हणजे इथे परकीय नागरिक. स्थलांतरित आणि परकीय हे शब्द अदलून-बदलून वापरू नका. स्थलांतर करून आलेला माणूस एकदा नागरिक झाला की तो परकीय राहत नाही आणि हद्दपारीचा कायदा त्याला लागत नाही. दुसऱ्या कायद्याला ‘एलियन फ्रेंड्स ॲक्ट’ म्हणतात, म्हणून तो परदेशी मित्रांच्या भल्यासाठी होता असं एका मुलीने खरंच लिहिलं होतं. ‘फ्रेंड’ म्हणजे ज्याच्या देशाशी आपलं युद्ध नाही असा परकीय, इतकंच. चारांतला सर्वांत कठोर अधिकार याच गोड नावाखाली होता.

जेफर्सन यांच्या पक्षाला नुसतं ‘रिपब्लिकन’ म्हणून आजच्या पक्षाशी जोडू नका. आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४चा.

राजद्रोह म्हटलं की टिळक आठवतात, पण थांबा

मराठी माणसाची सगळ्यात स्वाभाविक चूक हीच. सेडिशनचं भाषांतर आपण राजद्रोह करतो आणि डोळ्यांसमोर १२४-अ, टिळक आणि मंडाले येतं. मग १७९८चा कायदाही तसाच असणार असं गृहीत धरून लिहिलं जातं.

१२४-अ भारतीय दंडसंहितेत १८७०मध्ये घातलं गेलं. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणं हाच तिथे गुन्हा होता. लिहिलेलं खरं असलं तरी तेवढ्याने सुटका नव्हती, आणि शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत. टिळकांना १८९७मध्ये अठरा महिने झाले, १९०८मध्ये सहा वर्षं, तीही नऊपैकी सात ज्युरर विरुद्ध गेले म्हणून. अमेरिकी कायद्याचा साचा वेगळा होता. गुन्हा होता तो सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध ‘खोटं, बदनामीकारक आणि द्वेषमूलक’ लिहिण्याचा. मजकूर खरा असल्याचं सिद्ध केलं तर आरोपी सुटू शकत होता. त्याबद्दलची शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं आणि दोन हजार डॉलर. ज्युरीला कायदा आणि वस्तुस्थिती या दोन्हींवर निर्णय देता येत होता. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात सत्याचा हा बचाव नव्हता, म्हणून फेडरलिस्ट लोक हा कायदा उदार आहे असंच सांगत.

पण म्हणून ‘अमेरिकी कायदा सौम्य होता’ असं लिहिलंत तर ती उलटी चूक. सत्याचा बचाव कागदावर होता. कोर्टात तो कसा कोलमडायचा हे बघायला मॅथ्यू लायन यांचा खटला वाचावा. लायन आयर्लंडमध्ये जन्मलेले, कोवळ्या वयात करारबद्ध मजूर म्हणून अमेरिकेत आलेले आणि आता व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य. अध्यक्षांना डामडौलाची आणि खुशामतीची अमर्याद हाव आहे, अशा अर्थाचं पत्र त्यांनी एका वर्तमानपत्राला लिहिलं. पत्रावर तारीख २० जूनची. कायदा झाला १४ जुलैला. पत्र छापून आलं ३१ जुलैला. कायद्याच्या आधी लिहिलेल्या पत्रावर ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला.

आता ‘हाव आहे’ हे मत सिद्ध कसं करायचं? लायन यांनी न्यायासनावर बसलेल्या विल्यम पॅटरसन यांनाच विचारलं, की तुम्ही अध्यक्षांकडे जेवायला गेला आहात, तिथला थाटमाट तुम्ही पाहिला नाहीत का? न्यायाधीशांनी नाही म्हटलं, आणि बचाव तिथेच संपला. चार महिने तुरुंग आणि एक हजार डॉलर दंड. त्यांना व्हर्जेन्स गावच्या कोठडीत ठेवलं. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद खोली, चोरांच्या सोबत. कोपऱ्यातच शौचाची जागा, दुर्गंधी भरलेली. खिडकीला काच नाही, आणि व्हरमाँटचा हिवाळा तोंडावर आलेला. त्यांच्या पत्रांत हे सगळं आहे. त्याच कोठडीतून त्यांनी निवडणूक लढवली आणि डिसेंबरमध्ये मोठ्या फरकाने जिंकली.

सर्वांत मोठी शिक्षा मात्र कुणा नेत्याला किंवा संपादकाला झाली नाही. मॅसॅच्युसेट्सच्या डेडॅम गावात एक स्वातंत्र्यस्तंभ उभा राहिला. स्तंभ म्हणजे उंच लाकडी खांब, त्यावर फळी. फळीवर लिहिलं होतं : स्टँप ॲक्ट नको, सेडिशन नको, एलियन कायदे नकोत, जमीनपट्टी नको. अध्यक्षांना शांती आणि निवृत्ती मिळो, उपाध्यक्ष चिरायू होवोत. यात दोघांवर खटला झाला. बेंजामिन फेअरबँक्स गावातले प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांना पाच डॉलर दंड आणि सहा तास कैद. डेव्हिड ब्राउन गावोगाव फिरून भाषणं देणारा गरीब माणूस. त्याला अठरा महिने आणि सुमारे साडेचारशे डॉलर दंड. दंड भरायला पैसे नाहीत, म्हणून मुदत संपल्यावरही तो आतच राहिला; पुढे अध्यक्ष झालेल्या जेफर्सन यांनी माफी दिल्यावर सुटला. एकच खांब, एकच कायदा. या कायद्यावर उदाहरण द्यायचं असेल तर मी मुलांना हेच द्यायला सांगतो.

आणखी एक बारीक गोष्ट सुटते. कायद्याने अध्यक्षांची बदनामी गुन्हा ठरवली, उपाध्यक्षांची नाही. उपाध्यक्ष होते जेफर्सन, म्हणजे विरोधी पक्षाचे नेते. आणि मुदत ३ मार्च १८०१ला संपत होती, ॲडम्स यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी. प्रतिनिधिगृहात ४४ विरुद्ध ४१ अशा निसटत्या मतांनी मंजूर झालेल्या कायद्याचा रोख कुणावर होता, हे या दोन कलमांवरून कळतं.

‘सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला’ हे लिहू नका

केला नाही. कायदे घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार त्या न्यायालयाने मारबरी खटल्यात प्रथम बजावला तो १८०३मध्ये, आणि तोवर सेडिशन कायदा संपलेला होता. उलट त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती फिरत्या कोर्टांत बसून हे खटले चालवत होते. सॅम्युअल चेस त्यांत पुढे. १९६४मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या प्रसिद्ध निकालात न्यायालयाने एवढंच नोंदवलं, की हा कायदा आमच्यासमोर कधी आला नाही, पण इतिहासाच्या न्यायालयात त्याचे टीकाकार जिंकले.

‘पहिली घटनादुरुस्ती असताना असा कायदा झालाच कसा?’ हा प्रश्न रास्त आहे. तिला मान्यता मिळून जेमतेम सात वर्षं झाली होती आणि मुद्रणस्वातंत्र्याचा अर्थ ठरलेला नव्हता. ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताच्या मते स्वातंत्र्य म्हणजे छापण्याआधी परवानगी लागू नये. छापल्यावर शिक्षा झाली तर चालेल. फेडरलिस्टांनी तोच अर्थ धरला. आजचा व्यापक अर्थ या खटल्यांविरुद्धच्या वादातून घडत गेला. पण सगळे फेडरलिस्ट एका सुरात बोलत होते असंही नाही. पुढे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल फेडरलिस्टच होते, आणि त्यांनी या कायद्यांना जाहीर विरोध केला.

आकडे सांभाळून वापरा

हद्दपारी शून्य, हे खरं. पण ‘म्हणजे कायदा निरुपद्रवी ठरला’ हा निष्कर्ष काढू नका. कायदा होणार या नुसत्या भीतीने फ्रेंच लोक जहाजं भरून निघून गेले. फिलाडेल्फियात पुस्तकांचं दुकान चालवणारे मोरो द सें-मेरी हे निर्वासित ऑगस्ट १७९८मध्ये कुटुंबासह परतले. स्वतः ॲडम्स कधीकाळी त्यांच्या दुकानात येत असत.

सेडिशनखाली दोषी ठरलेल्यांचा ‘दहा’ हा आकडा पुस्तकांत वर्षानुवर्षं चालत आलाय. नंतर कोर्टांची दप्तरं तपासली गेली तेव्हा खटल्यांची संख्या जुन्या मोजणीपेक्षा बरीच जास्त निघाली. ‘किमान दहा’ लिहा. आणि बेंजामिन फ्रँकलिन यांचे नातू, संपादक बाश, यांना या कायद्याचा बळी म्हणू नका. त्यांना कायदा होण्याआधीच जुन्या रूढ कायद्याखाली अटक झाली होती, आणि खटल्याआधी सप्टेंबरमध्ये पीतज्वराने ते गेले.

जेफर्सन यांना देव्हाऱ्यात बसवू नका

या कायद्यांविरुद्ध दोन राज्यांनी ठराव केले. केंटकीचा ठराव जेफर्सन यांनी लिहिला, व्हर्जिनियाचा त्यांचे सहकारी मॅडिसन यांनी, दोघांनीही नाव गुप्त ठेवून. त्यात भाषणस्वातंत्र्य होतं, पण घटक राज्यांच्या हक्काचा मुद्दा त्याहून ठळक होता, आणि पुढे गुलामगिरीवाल्या दक्षिणेने तोच उचलला. सत्तेवर आल्यावर जेफर्सन यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. पण १८०३मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांना खासगी पत्रात सुचवलं, की काही निवडक संपादकांवर राज्याच्या कायद्याने खटले भरले तर बरा परिणाम होईल. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात जेफर्सन यांची बदनामी केली म्हणून हॅरी क्रॉसवेल या संपादकावर खटला चालला. त्याच्या बाजूने सत्याच्या बचावाचा युक्तिवाद करायला फेडरलिस्ट हॅमिल्टन उभे राहिले.

१७९८, १९१८ आणि १९४२ यांची सरमिसळ

पहिल्या महायुद्धात, १६ मे १९१८ला, दुसरा सेडिशन कायदा झाला. तो १९२०मध्ये रद्द झाला. नाव तेच, कायदा वेगळा. खानखोजे, पिंगळे यांच्यामुळे आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या गदर चळवळीवरचा सान फ्रान्सिस्कोचा खटला यांपैकी कोणत्याच कायद्याखाली नव्हता. तो तटस्थतेचा कायदा मोडण्याच्या कटाचा होता आणि त्याचा निकाल एप्रिल १९१८मध्येच लागला होता.

१९४२मध्ये सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, ते रूझवेल्ट यांच्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशाने. त्यांतले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. शत्रुनागरिकांचा १७९८चा कायदा जपानी, जर्मन, इटालियन परकीयांना वेगळा लावला गेला.

शेवटची चूक लहान आहे, पण वारंवार दिसते : माफी मिळाली म्हणजे दंडही परत मिळाला. लायन तुरुंगातून सुटून काँग्रेसमध्ये परतले तेव्हा त्यांना काढून टाकायचा ठराव आला. ४९ विरुद्ध ४५ मतं पडली, पण दोनतृतीयांश झाली नाहीत. फेब्रुवारी १८०१मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली समसमान मतांची कोंडी प्रतिनिधिगृहातल्या मतदानाच्या ज्या छत्तिसाव्या फेरीत फुटली, तीत व्हरमाँटचं मत जेफर्सन यांच्या पदरात पडलं ते लायन यांच्यामुळे. दंडाचे पैसे मात्र ते हयातभर मागत राहिले आणि १८२२मध्ये वारले. काँग्रेसने ते व्याजासह परत केले १८४०मध्ये, त्यांच्या वारसांना.