कीटार शिकताना डाव्या हाताची तयारी

ऑर्केस्ट्रात स्टँडवरचा कीबोर्ड वाजवणारा वादक गिटारसारख्या खांद्यावर अडकवायच्या कीबोर्डकडे, म्हणजे कीटारकडे वळतो, तेव्हा खरा बदल डाव्या हातात होतो. एरवी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि बास सांभाळणाऱ्या या हाताकडे आता वाद्याच्या मानेवरचे, म्हणजे दांड्यावरचे पिच बेंड (स्वर वर-खाली सरकवणारे), मॉड्युलेशन (बहुधा स्वराला कंप देणारे) आणि पायातल्या पेडलऐवजी दिलेले सस्टेनचे, म्हणजे स्वर लांबवणारे बटण येते. म्हणून बासची बाजू कोण धरणार, हे साथीदारांशी आधीच ठरवून घ्यावे.

माझा सर्वांत जास्त रियाज मींडेवर, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्यावर झाला आणि नवोदितांनीही तिथेच वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते. बहुतेक सिंथेसायझरवर बेंडची मर्यादा मुळात दोन्ही बाजूंना २ सेमीटोन (अर्धस्वर) असते. षड्ज धरून बेंड टोकापर्यंत नेला की शुद्ध रिषभ आपोआप मिळतो. कोमल रिषभ मात्र वाटेत कुठेतरी असल्याने तो कानानेच शोधावा लागतो, आणि त्यासाठी तानपुरा लावून संथ लयीत बसण्याला पर्याय नाही. सर्वसाधारण मिडी जोडणीत (वाद्ये एकमेकांना स्वरांचे संदेश पाठवतात ती पद्धत) बेंड संपूर्ण चॅनेलला, म्हणजे त्या मार्गावरच्या सगळ्या स्वरांना लागू होतो, त्यामुळे मींड घेताना त्या आवाजाचा एकच स्वर दाबलेला असावा, नाहीतर सगळी कॉर्ड सरकते.

निवड करताना वाद्याला स्वतःचा आवाज आहे का, हे पाहावे. १९८४ च्या यामाहा केएक्स५ ला ३७ पट्ट्या होत्या, पण आवाज नव्हता; तो मिडी केबलने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून येई. २०१८ च्या रोलँड एएक्स-एजमध्ये ४९ पट्ट्या आणि आवाज दोन्ही आहेत. ३७ पट्ट्यांत तीन सप्तके आणि वरचा षड्ज बसतो, आणि बासरी किंवा सारंगीच्या तुकड्यांना तेवढे पुरते.

वायरलेस जोडणी असेल, तर स्वर सुरू झाल्याचा संदेश पोहोचून तो थांबल्याचा संदेश वाटेत हरवू शकतो आणि स्वर अडकून वाजत राहतो. सगळे स्वर एकदम बंद करणारे बटण किंवा आज्ञा आपल्या यंत्रात कुठे आहे, हे साउंडचेकलाच शोधून ठेवावे आणि मिडी केबल जवळ बाळगावी.