राजगड एकास हजार, आणि अर्धी भाकरी

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सोसायटीतली पोरं दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यासाठी जिन्याखाली जमतात. "काका, यंदा कुठला?" 2025 च्या जुलैत बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा आपले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. तेव्हापासून पोरांना त्यातलाच पाहिजे असतो. माझं मत ठरलेलं असतं, राजगड. आयुष्य भोसरीत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये गेलं. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचे, तेही बीड थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं हे धरून. त्यामुळे मापाची खोड हाडात गेली. दुसरी खोड, खाणं मोजायची, लागली 2023 मध्ये, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) 8.6 आल्यावर. डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी दिली आणि भात-पोळी-साखर कमी करायला सांगितलं. किल्ला आणि पथ्य, दोन्ही कामं नेमकी एकाच वेळी येतात. हात चिखलात असतात आणि पोरं वडापाव घेऊन येतात. म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

आधी माप. आमच्याकडे पार्किंगच्या कोपऱ्यात दहा बाय आठ फुटांची जागा मिळते. गूगल अर्थवर राजगड वरून बघा, फूटपट्टीचं साधन घेऊन तिन्ही माच्यांची (बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सोंडांची) टोकं मोजा आणि छापा. छापलेल्या कागदावर चौकटी आखा, तशाच चौकटी जमिनीवर खडूने. मी एकास हजार हे प्रमाण घेतो, म्हणजे गडावरचा एक मीटर इथे एक मिलिमीटर. पाढे पाठ नसलेल्या पोरालाही ते जमतं.

या प्रमाणात एक मजा आहे. बाजारात मिळते ती वीट तीन इंच जाड, म्हणजे साधारण 75 मिलिमीटर. एक वीट आडवी ठेवली की 75 मीटर चढलात. पायथ्याच्या गावापासून बालेकिल्ल्यापर्यंत सहा-सातशे मीटर धरले तर आठ-नऊ थर लागतात. हिशेब संपला. नवीन विटा आणू नका, जवळ कुठे बांधकाम चालू असेल तर तुकडे मागा. मुकादम हसतो आणि देतो.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती गोष्ट. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि त्यांच्या मधोमध, त्यांच्याहून बराच उंच असा बालेकिल्ला. पोरं एक मोठा ढीग करतात, त्याच्या टोकावर महाराज बसवतात आणि बाजूला तीन वाटा काढतात. तसं नाही. आधी तीन पाकळ्यांचा पंखा जमिनीवर विटांनी मांडा, माच्यांच्या उंचीपर्यंत थर आणा आणि मग फक्त मध्यावर बालेकिल्ला उचला. पद्मावती रुंद आणि सपाट, तळं तिच्यावरच. संजीवनी लांब, अरुंद आणि टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी. सुवेळा पूर्वेकडे. सूर्य कुठून उगवतो ते पाहून दिशा खरी ठेवा. सकाळचं ऊन सुवेळेवर आधी पडलं की पोरांना जो आनंद होतो, तो रोषणाईच्या माळेने होत नाही.

विटांवर गोणपाट. किराणा दुकानातून तागाची रिकामी पोती घ्या, प्लॅस्टिकची नकोत, त्यांना चिखल धरत नाही. लाल माती आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी चाळून खडे काढा आणि हाताने घोटा. श्रीखंडाइतका घट्ट राडा हवा. (गोड नाव आलंच तोंडात, असू दे.) त्यात मूठभर लाकडाचा भुसा घाला म्हणजे तडे कमी पडतात. चिकट माती वाळताना बिडाच्या कितीतरी पट आकसते, म्हणून एकच जाड थर देऊ नका. पातळ थर द्या, वाळू द्या, परत पातळ थर. पहिल्या वर्षी मी दोन इंची थर एका दिवसात चढवला होता आणि वसुबारसेला बालेकिल्ल्याला अशी भेग गेली की त्यात बोट जात होतं. एका पोरीने शांतपणे विचारलं, "काका, हे नेढं आहे का?" नेढं म्हणजे कातळातलं आरपार भोक.

पोतं टाकून झालं की तळहाताने गुळगुळीत करायचा मोह होतो. तो टाळा. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून आपला डोंगर तव्यावरच्या आंबोळीसारखा गोल नसतो. सरळ कडा, मग उतार, मग परत सरळ कडा, असा पायऱ्यांचा असतो. तुमच्या विटांच्या थरांनी त्या पायऱ्या आपोआप केलेल्या आहेत, त्या बुजवू नका! माती अर्धवट वाळली की पत्र्याचा तुकडा घेऊन कड्याच्या जागी उभी कापा आणि खालच्या उतारावर तोच कापलेला चुरा पडू द्या. दोन मिनिटांचं काम, पण ढिगाचा डोंगर तिथेच होतो. कडे ओले असतानाच कोळशाच्या पाण्याचा हात फिरवा, काळा पडतो तो नेमका कातळासारखा.

तटबंदीला मात्र मी माप खोटं करतो आणि त्याची लाज वाटत नाही. सात-आठ मीटरचा तट एकास हजारमध्ये सात-आठ मिलिमीटर, म्हणजे लांबून दोरा. तट, बुरूज आणि दरवाजे मी दुप्पट करतो. शाडूची पट्टी लाटायची, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवली की संजीवनीची चिलखती तटबंदी झाली. पाली दरवाजा पश्चिमेला, तिथली वाट रुंद ठेवा. सुवेळेवरचं नेढं काडेपेटीच्या काडीने आरपार पाडा आणि काडी माती वाळेपर्यंत तशीच राहू द्या. मावळे गडावर ठेवू नका. सहा इंची मावळा या मापात दीडशे मीटरचा होतो, म्हणजे एकावर एक दोन कुतुबमिनार. त्यांना पायथ्याशी बाजार भरवून द्या, तिथे कुणी मापं काढत नाही.

आता पोटाचं. उकिडवं बसून विटा हलवल्या की अकराला भूक लागते आणि तेव्हाच वडापावचं पुडकं येतं. हे थोपवायचं ते सकाळी आठला, अकराला नाही. तीन अंड्यांचं ऑम्लेट, कांदा-मिरची-कोथिंबीर, वर घरचं लोणी. अंड्यात कार्बोहायड्रेट नावालाच, प्रथिनं एकात सहा ग्रॅमच्या आसपास. अंडी चालत नसतील तर शंभर-दीडशे ग्रॅम पनीरची भुर्जी. खिशात भाजलेले शेंगदाणे मूठभर, दोन मुठी नाही. बाटलीत ताक.

तरी एकदा मी प्रयोग केला. एका दिवशी अख्खा वडापाव खाल्ला, दोन तासांनी बोट टोचलं, साखर 212. दुसऱ्या रविवारी तसाच वडा, पाव नाही, सोबत तळलेल्या मिरच्या: 158. वडासुद्धा बटाटा आणि बेसनच, साधुसंत नाही. पण पाव सोडणं हे एवढं मोठं काम आहे, हे आकडा बघितल्याशिवाय मला पटलं नसतं. माझे आकडे तुम्हाला लागू नाहीत, तुमचं मशीन तुम्हाला सांगेल. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा. एका वेळी एकच पदार्थ बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

माझं सगळ्यात मोठं अज्ञान भाकरीबद्दल होतं. पोळी सोडली आणि ज्वारीच्या दोन-दोन भाकऱ्या हाणायला लागलो, "भाकरी चालते" म्हणून. मग शाडू मोजायचा काटा धुऊन स्वयंपाकघरात आणला आणि बायकोने थापायला घेतलेलं पीठ मोजलं. एका भाकरीला 60 ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात कार्बोहायड्रेट सत्तरच्या जवळपास, म्हणजे एका भाकरीत चाळीसेक ग्रॅम. दोन भाकऱ्यांत ऐंशी! माझं दिवसभराचं ठरलेलं माप शंभरच्या आत आहे. भाकरी मैद्यापेक्षा चांगली, वाद नाही, पण चांगली म्हणजे मोजायची नाही असं नव्हे. तेव्हापासून अर्धी. ताटाची मांडणी उलटी केली: आधी मेथी किंवा पालकाची भाजी ताट अर्धं भरेल एवढी, मग मासे, चिकन किंवा पनीर, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, आणि उरलेल्या कोपऱ्यात अर्धी भाकरी. पूर्वी भाकरीभोवती भाजी असायची.

असेच फसवणारे आणखी काही. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, त्यामुळे उपासाचा दिवस माझ्यासाठी सगळ्यात वाईट. मखाण्याला लोक डाएट म्हणतात, त्यातही शंभर ग्रॅमला पंचाहत्तरच्या वर. डाएट चिवडा हा शेवटी पोह्यांचा चिवडाच, फक्त तेल कमी. गूळ म्हणजे साखरेचा गावाकडचा भाऊ. आणि शुगर-फ्री बेसनलाडू: साखर काढली तरी बेसन राहतंच, त्यात निम्म्याहून जास्त कार्बोहायड्रेट आहे.

नकली पदार्थांवर माझा राग आहे हे कबूल करतो. किल्ल्याची प्रतिकृती करणारा मी, पण भाताची प्रतिकृती मला झेपत नाही. फ्लॉवर किसून त्याला भात म्हणायचं, बदामाच्या पिठाच्या चकल्या पाडायच्या (पाडल्या होत्या, कढईत विरघळल्या). फ्लॉवरची भाजी फ्लॉवर म्हणून खाल्ली तर छान लागते, वरणाखाली घातली की प्रत्येक घासाला आंबेमोहोराची आठवण येते. त्यापेक्षा मी दिवाळीत खरी चकली खातो. एक. जेवणानंतर, अकराच्या रिकाम्या पोटी नाही. शेजारच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन येतात तेव्हा नाही म्हणायचं नाही, "यातली चकली माझी, बाकी पोरांना" म्हणायचं. त्यांना राग येत नाही. पोरं तर वाटच बघत असतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या वर्षी मी एकदम भात-पोळी बंद केली, तिसऱ्या दिवशी उन्हात विटा रचून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कार्बोहायड्रेट एकाएकी कमी झाले की शरीर पाणी आणि मीठ बाहेर टाकतं, आणि माझी बीपीची गोळी तर चालूच होती. डॉक्टरांनी तिचा डोस कमी केला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असलेल्या गोळ्या, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, यांनाही हाच नियम. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. माझा आकडा सहा महिन्यांत 6.7 वर आला तो गोळीसकट.

परत गडावर. शेवटचं काम हिरवळीचं. मोहरी पेरतात बरेच जण, पण ती उतारावरून घरंगळून पायथ्याशी जमते आणि कडे टकलेच राहतात. अळीव घ्या. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत गर येतो आणि तो गरच त्याला उभ्या उतारावर चिकटवून धरतो. चमच्याने लपका मारा आणि बोटाने पसरा. कड्यांवर नको, फक्त उतारांवर. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरा. पाणी झारीने नाही, फवाऱ्याने. रात्री ताडपत्री टाका, परतीचा पाऊस कुणाला विचारून येत नाही.

पुडीत अळीव उरतंच. बायकोने ते एका पसरट कुंडीत पेरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. गडावरचं खायचं नाही, त्यावर फटाक्यांची राख पडलेली असते. पण खिडकीतलं आठवड्यात बोटभर वाढतं. कात्रीने कापून ऑम्लेटमध्ये घाला, मोहरीसारखं नाकात जातं.