सोसायटीचे मेसेज आणि ‘ळ’चे कप्पे

सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी दिवसभर तीच ती वाक्यं पाठवते. पाणी येणार नाही, लिफ्ट बंद आहे, मेंटेनन्स भरा. अँड्रॉइड फोनवरच्या जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला, ही वाक्यं शिकवून ठेवता येतात. मात्र तिथे फोल्डर नाहीत. गट आपणच अक्षरांनी पाडायचे. मी देवनागरी कीबोर्ड वापरते, तेव्हा हे सगळं त्याच्यासाठी.

कीबोर्डवरचं दातेरी चाक दाबा, सेटिंग्जमधून डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी (फोन मराठीत असेल तर ‘शब्दकोश’ शोधा), त्यात मराठी निवडा आणि अधिकचं चिन्ह दाबा. दोन रकाने येतील. वरच्यात पूर्ण वाक्य, खालच्यात शॉर्टकट. पुढे शॉर्टकट टाइप केला की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत वाक्य दिसतं, त्यावर टिचकी मारायची. पट्टीच दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये सजेशन्स बंद असतील, ती चालू करा.

आता खरी गंमत शॉर्टकट निवडण्यात आहे. ‘पा’ ठेवलात तर पाणी, पालक, पावती, काहीही लिहिताना सूचना मध्ये लुडबुडणार. म्हणून ज्याने मराठी शब्द सुरूच होत नाही असं अक्षर घ्या: ळ. सोसायटीचं सगळं ‘ळ’ने, घरचं सगळं ‘ण’ने. (‘णमो अरिहंताणं’ रोज पाठवणाऱ्यांनी ‘ण’ टाळावा.)

दुसरं अक्षर विषयाचं, तिसरं कामाचं. ळपब म्हणजे पाणी बंद, ळपट म्हणजे टँकर मागवला आहे. ळलब लिफ्ट बंद, ळलच लिफ्ट चालू. ळमआ मेंटेनन्सची आठवण, ळमप पैसे मिळाले, पावती ऑफिसातून न्यावी. काना, मात्रा, जोडाक्षर काही नको, तीन सुटी अक्षरं पुरतात. चौथं लागायला लागलं की समजावं, त्या विषयात वाक्यं जास्त झाली. निम्मी काढून टाका.

तारीख आणि वेळ कीबोर्ड आपोआप भरत नाही. त्यामुळे बदलणारी गोष्ट वाक्याच्या शेवटी न्या. ‘उद्या सकाळी ९ ते १२ पाणी बंद राहील’ असं साठवू नका. ‘दुरुस्तीमुळे पाणी बंद राहील. दिवस व वेळ:’ असं साठवा. टिचकी मारली की कर्सर नेमका तिथेच उभा असतो, आकडे घातले की झालं.

सभेचा गट, ‘ळस’, मला सगळ्यात उपयोगी पडतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते, त्यामुळे ऑगस्टपासून ‘ळसआ’ सतत चालू. ‘गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब’ हे वाक्यसुद्धा ‘ळसग’ म्हणून ठेवलंय, आणि ते दरवर्षी लागतंच! विषयपत्रिकेसारखा लांब मजकूर मात्र इथे कोंबू नका, तो नोट्समध्येच बरा.

सोसायटीचा खाते क्रमांक साठवायला हरकत नाही, तो नोटीस बोर्डावरही असतो. नेटबँकिंगचा पासवर्ड कधीच नाही. आणि शॉर्टकटची यादी एका कागदावर लिहून सोसायटीच्या फाइलला लावा, पुढच्या सेक्रेटरीला आयती मिळेल.