एअर पिस्तूलचा ट्रिगर सुधारायचाय? घरच्या कोऱ्या भिंतीपासून सुरू करा

नवीन शूटरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हात हलतो तो थांबवू कसा? तर हात पूर्ण थांबत नाही, चांगल्या चांगल्यांचा थांबत नाही, आणि त्याने फारसं बिघडतही नाही. बिघडतं ते ट्रिगरवर.

हिशोब बघा. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये टेनचं (मधलं, दहा गुणांचं) वर्तुळ ११.५ मिमीचं आणि पेलेट (शिशाची छोटी गोळी) ४.५ मिमीचा, नुसती रेघ लागली तरी टेन धरतात. म्हणजे साइट नीट जुळलेली ठेवून अख्खा हात ५ मिमी सरकला तरी टेनच आहे. पण बोटाने झटका दिला आणि फोरसाइट (नळीच्या टोकाची साइट) रिअरसाइटच्या (डोळ्याकडच्या मागच्या साइटच्या) खाचेत फक्त १ मिमी सरकली, तर दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंमी असल्यामुळे तीच चूक टार्गेटवर ३० मिमीच्या आसपास होते आणि शॉट थेट सातात जातो. म्हणून मी नेहमी सांगतो, हाताच्या मागे लागू नका, फोरसाइट आणि बोट एवढं सांभाळा.

नजर फोरसाइटवर, ती एकदम शार्प दिसली पाहिजे, तिच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि वरची कड रिअरसाइटच्या कडेला समान. टार्गेट धूसर दिसणार, दिसू द्या. एम (नेम) टार्गेटच्या काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्यात घ्यायचा, एकाच बिंदूवर अडून बसायचं नाही, छोटा एरिया धरायचा.

आता बोट. पहिल्या पेराचा गादीचा भाग ट्रिगरवर, आणि बोटाचा बाकीचा भाग ग्रिपला अजिबात चिकटलेला नको, मध्ये थोडी फट दिसली पाहिजे. चिकटला की दाबताना बोट पिस्तूललाच बाजूला ढकलतं. मॅचच्या नियमाने ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो आणि बहुतेकांचा दोन टप्प्यांचा असतो, त्यातला पहिला टप्पा हात वरून खाली एरियात येतानाच घेऊन टाकायचा, मग उरलेलं वजन सरळ मागे, सावकाश पण न थांबता वाढवत न्यायचं. साइट सुंदर दिसली की "आत्ता!" म्हणून दाबायचा मोह होतो ना, तोच घात करतो. शॉट सुटल्यावरही बोट मागेच ठेवून एक-दोन सेकंद फोरसाइट बघत राहा, शॉट सुटताना ती कुठे होती हे तेव्हाच कळतं.

हे सगळं रेंजवर पेलेट खर्च करून शिकायची गरज नाही. घरी ड्राय फायर करा, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर दाबा. मॅच पिस्तूलमध्ये त्याची सोय असते, पण स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची एअरगन रिकामी अजिबात चालवू नका, आतला पिस्टन आपटून खराब होतो. आधी पेलेट नाही ना हे दोनदा बघायचं, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, आणि फ्लॅटमध्ये दार-खिडकीकडे कधीच नाही, कोऱ्या भिंतीकडेच तोंड. भिंतीवर टार्गेटसुद्धा लावू नका, म्हणजे नजर पळायला जागाच राहत नाही. शॉट सुटताना फोरसाइट खाचेत हलली की नाही एवढंच बघायचं. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, दमल्यावर केलेलं होल्डिंग (पिस्तूल नेमावर धरून ठेवणं) चुकीचीच सवय लावतं.

रेंजवर गेल्यावर कोचला सांगा की माझं पिस्तूल तुम्ही भरून द्या, कधी पेलेट टाका कधी रिकामं द्या, मला सांगू नका. रिकाम्या शॉटला फोरसाइट खाली डुचकली तर समजा शॉट सुटायच्या आधीच मनगट दचकतंय. उजव्या हाताच्या शूटरचा ग्रुप (टार्गेटवरच्या शॉटचा पुंजका) डावीकडे खाली जात असेल तर बहुतेक वेळा बोटाचा झटकाच असतो, लगेच साइटचे क्लिक (साइट सरकवायचे स्क्रू) फिरवत बसू नका. आणि ग्रुप घट्ट आहे पण सतत एका बाजूला, तर पाय बघा, डोळे मिटून हात वर घ्या, उघडा, पिस्तूल बाजूला दिसलं तर मनगट न वळवता मागचा पाय सरकवा.

श्वास अर्धा सोडून थांबलात की सहा-आठ सेकंदांत शॉट गेला पाहिजे, नाही गेला तर हात खाली, परत सुरुवात. पोरं इथेच कच खातात, हात वर गेलाय तर मारूनच टाकू असं होतं. मॅचला ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, घाई कसलीच नाही.

आपल्या नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बोटं गारठून ट्रिगरचा पहिला टप्पा कुठे संपतो तेच जाणवत नाही, तेव्हा रेंजवर पोचल्यावर हात खिशात ठेवून नीट गरम करा, थोडे ड्राय शॉट मारा, आणि टप्पा बोटाला स्पष्ट लागायला लागला की मगच पहिला पेलेट भरा.