अंगणाचा कोपरा रानाला सोडायचा तर

काहीच करायचं नाही, असं समजून बाग सोडून दिली तर पहिल्याच पावसाळ्यात गाजरगवताचं रान माजतं. उगवायचं काम पाऊस करतो. उपटायचं काम आपलं, आणि तेही वेळेवर.

१. मे महिन्यात साधारण १० बाय १० फुटांचा कोपरा ठरवा. घराच्या भिंतीलगत ३ फुटांचा पट्टा साफ ठेवा. तिथे विटा-लाकडांचा ढीग नको. ढिगात उंदीर येतात, उंदरांमागे साप. माती खणू नका, खतही घालू नका. खणलं की खाली दडलेलं गाजरगवताचं बी वर येतं.

२. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडे नुसतं बघा. टाकळ्याच्या (विदर्भातला तरोटा) पानात पर्णिकांच्या (देठावरच्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या असतात, संध्याकाळी त्या मिटतात. गाजरगवताचं पान झेंडूसारखं कातरलेलं; पण झेंडूचं रोप पहिल्यापासून उभं वाढतं, हे जमिनीला चिकटून गोल पसरतं. चुरगळून वास घेऊ नका, अंगाला खाज सुटते.

३. मग हातमोजे घालून, माती ओली असताना, गाजरगवत मुळासकट उपटा. नुसतं वरून तोडलं तर पुन्हा फुटतं. उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात ते फुलतं आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, म्हणून फुलापर्यंत थांबू नका. फुललेलं झाड खतखड्ड्यात टाकू नका. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ आणि भिंतीच्या फटीतला पिंपळही लहान असतानाच काढा. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी जाड वाळूत घासून फेका. कवच टणक असतं, न घासता सगळं उगवत नाही. टाकळा दाट झाला की गाजरगवताला जागा मिळत नाही.

४. कुर्डू, तेरडा, केना, आघाडा, एकदांडी राहू द्या. टाकळ्याची पानं कुरतडलेली दिसली तर फवारणी करू नका: पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात.

५. कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला उपड्या करा. डासांना तेवढे दिवस पुरतात.

६. तेरड्याच्या शेंगा फुटल्या, कुर्डूचे तुरे वाळले की नोव्हेंबरअखेर विळ्याने वीतभर ठेवून कापा; तुरे तिथेच झटका. अर्धा भाग जानेवारीपर्यंत तसाच ठेवा, काड्यांना कोष लटकलेले असतात. पालापाचोळा जाळू नका, पण झाडाच्या बुंध्याला टेकवूही नका, वाळवी लागते. आणि कडेची ओळ तेवढी सरळ कापा, म्हणजे शेजारी ‘साफ कधी करणार?’ म्हणून विचारत नाहीत.