पोरांच्या हातात खरे पैसे देताय? मग या चुका टाळा

सर्व्हिस लर्निंग म्हणजे वर्गात शिकायचं, बाहेर एखाद्या संस्थेबरोबर काम करायचं आणि परत वर्गात येऊन त्या कामावर नीट विचार करायचा. फिलान्थ्रॉपीचा, म्हणजे देणगी विचार करून कशी द्यायची हे शिकवणारा कोर्स हा त्यातलाच एक प्रकार. कॉलेजच्या पोरांना एक छोटा पण खराखुरा निधी मिळतो आणि सेमिस्टरभर अभ्यास करून तो कुणाला द्यायचा ते तीच ठरवतात. अमेरिकेत नॉर्दर्न केंटकी युनिव्हर्सिटीने हे बरीच वर्षं चालवलंय. निधी नसेल तर पोरं फक्त शिफारस करतात आणि पैसे बाहेरचं एखादं फाउंडेशन देतं. मी दोन्ही प्रकार शिकवलेत, आणि हा कोर्स सुरू करणारे नवीन शिक्षक विचारायला येतात तेव्हा त्याच त्या चुका परत परत दिसतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक, अर्जाचा फॉर्म.

माझ्या पहिल्या वर्षी मी फॉर्म पोरांनाच बनवू दिला, कारण मला वाटलं यातूनच शिकतील. उत्साह दांडगा होता, प्रत्येक गटाने आपापले प्रश्न घातले आणि फॉर्म झाला चौदा पानांचा. तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, बोर्डाची यादी, पाच वर्षांचा प्लॅन, परिणाम कसा मोजता, हे सगळं. १९ संस्थांनी अर्ज केले. त्यात दोनच माणसांवर चालणारी एक संस्था होती, मुलांना वाचायला शिकवणारी. तिथल्या ताईंनी तीन रात्री बसून तो फॉर्म भरला, आणि आमची पोरं बघायला येणार म्हणून एक दुपार वर्ग बंद ठेवला. निधी दुसऱ्याच संस्थेला गेला, त्यात काही चूक नाही, पण मग परीक्षा आल्या, पोरं पांगली, मी पेपर तपासायला बसले आणि बाकीच्या १८ जणांना कुणी काही कळवलंच नाही. पाच महिन्यांनी ताईंचा फोन. म्हणाल्या, "मॅडम, नाही म्हणालात तरी चालेल, फक्त कळवा, म्हणजे पुढच्या वर्षाचं बजेट तरी करता येईल."

मला काही बोलताच येईना. माफी मागितली, आणि मग त्याच आठवड्यात पाच-सहा संस्थांना फोन करून विचारलं की खरं सांगा, आमच्या अर्जावर किती वेळ गेला. सरासरी बारा तास निघाले. १९ गुणिले १२, म्हणजे २२८ तास. साध्या पगाराने जरी तो हिशोब लावला तरी आम्ही दिलेल्या ग्रँटपेक्षा रक्कम जास्त होत होती. म्हणजे आमच्या कोर्समुळे या सगळ्या संस्थांना मिळून काही मिळालं नव्हतं, उलट त्यांनीच आमच्या शिक्षणाची फी भरली होती.

तेव्हापासून माझा नियम असा. अर्ज दोन पानांचा. तो संस्थांकडे जायच्या आधी प्रत्येक पोराने घड्याळ लावून स्वतः एकदा भरायचा, दीड तासाच्या वर वेळ गेला तर प्रश्न कापायचे. पहिली चाळणी जी माहिती आधीच जाहीर आहे तिच्यावरून करायची. वार्षिक अहवाल असतात, अमेरिकेत तर बहुतेक संस्थांचा फॉर्म ९९०, म्हणजे कर खात्याला दरवर्षी द्यायचा हिशोब, कुणालाही बघता येतो, तो वाचायचे कष्ट पोरांनी घ्यावेत, संस्थेने का घ्यावेत? मग फक्त तीन-चार जणांकडे जायचं, आणि निवड न झालेल्यांनाही त्यांच्या वेळेचे थोडे पैसे निधीतूनच द्यायचे. आणि नकाराचं पत्र ही माझ्याकडे मार्कांची असाइनमेंट आहे, कारणासकट, निर्णयानंतर आठ दिवसांत. पत्रं गेल्याशिवाय मी कुणाचेही मार्क लावत नाही. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत, कुणाला नाही कसं म्हणायचं हे देणाऱ्याला आलंच पाहिजे.

रॉबर्ट सिग्मन, हा सर्व्हिस लर्निंग शब्द रूढ करणाऱ्यांपैकी एक, त्यांनी १९७९ मध्ये तीन तत्त्वं मांडली होती आणि त्यातलं पहिलंच असं आहे की ज्यांची सेवा करायची त्यांच्या हातात त्या सेवेची सूत्रं हवीत. सगळे शिक्षक हे पहिल्या लेक्चरला सांगतात आणि दुसऱ्या आठवड्यात संस्थेला न विचारता वेळापत्रक लावून मोकळे होतात.

दुसरी चूक, रिफ्लेक्शनच्या, म्हणजे केलेल्या कामावर विचार करून लिहिण्याच्या नावाखाली काहीही चालवून घेणं. "खूप शिकायला मिळालं", "त्यांच्याकडे काही नाही तरी किती आनंदी आहेत", असली वाक्यं मी सरळ खोडते. दोन तास भेटून कुणी आनंदी आहे की नाही हे कळत नाही हो! शिवाय पाहुणे आल्यावर कोण आपलं दुःख काढून बसतं? मी तीनच प्रश्न देते, जायच्या आधी काय वाटत होतं, तिथे त्याच्या विरुद्ध काय दिसलं, आणि त्यामुळे तुझ्या मताचा कुठला भाग बदलला. लिहायचं त्याच दिवशी झोपायच्या आधी, कारण आठवड्याने लिहिलं की सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकच मजकूर येतो. विचारवंत इव्हान इलिच यांचं १९६८ चं भाषण पण वाचायला लावते, मेक्सिकोत सेवेला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी तोंडावर सांगितलं की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. काही सहकाऱ्यांना वाटतं की याने पोरं खचतात. माझा अनुभव उलटा आहे, वाचून दोन दिवस गप्प होतात आणि मग प्रश्न चांगले विचारायला लागतात.

बाकीच्या पटापट सांगते.

प्रशासकीय खर्चाची टक्केवारी बघून संस्था बाद करू नका. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या सेवाभावी संस्थांची माहिती देणाऱ्या तीन अमेरिकन संस्थांनी मिळून देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं की या एका आकड्यावरून संस्थेचं काम ठरवू नका, तरी पोरं अहवाल उघडला की आधी तोच आकडा शोधतात. हिशोब ठेवणाऱ्या माणसाचा पगार हा पण कामाचाच खर्च आहे.

हात वर करून मतदान घेऊ नका, ज्याचा आवाज मोठा त्याची संस्था जिंकते. आधी प्रत्येकाने कागदावर गुण लिहायचे, मग चर्चा, मग परत गुण.

कुणाचा नातेवाईक एखाद्या संस्थेत असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगायचं आणि त्या निर्णयाच्या वेळी बाहेर बसायचं.

तास मोजू नका. वीस तास भरले म्हणजे काम झालं असं नाही, संस्थेला विचारा काय हाती लागलं.

कॉलेजच्या अकाउंट्स विभागाला सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी भेटा. बाहेरच्या संस्थेला पैसे द्यायला कुठले कागद लागतात, किती सह्या लागतात, हे निर्णय झाल्यावर विचारलं तर पैसे पोचेपर्यंत पोरं पुढच्या वर्गात गेलेली असतात आणि पैसे कुठे आहेत म्हणून संस्था तुम्हाला विचारत बसते. निर्णयही शेवटच्या आठवड्यात ठेवू नका, निदान तीन आठवडे हातात राहू द्या.

आणि हल्ली एक प्रश्न फार येतो, हे सगळं चार आठवड्यांत बसवता येईल का? नाही बसत. ज्यांना घाई आहे त्यांनी पैसे वाटूच नयेत. चार आठवडेच असतील तर चार संस्थांचे वार्षिक अहवाल घ्या, वर्गात ओळ न् ओळ वाचा, काय कळलं नाही त्याची यादी करा, आणि त्यातलं जे जाहीर कागदांत कुठेच सापडत नाही तेवढंच एका संस्थेला, त्यांच्या सोयीच्या वेळी, फोन करून विचारा.